नळाचे पाणी आणि १९५५ ची कावीळ
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्यासपीठावरून नाट्यसंगीत, संतसाहित्य असे विषय ऐकायची आपल्याला सवय आहे. यंदा एका निवृत्त आरोग्य-कर्मचाऱ्याला बोलावून त्याला गटारावर बोलू द्यायचे ठरले. त्याचा दोष कार्यकारिणीचा, माझा नव्हे! विषय मात्र आपल्याच दिल्लीचा आहे. पुढच्या रांगेतल्या काही आजी-आजोबांना त्या हिवाळ्यातले पिवळे डोळे आठवत असतील.

१९४१ साली दिल्लीची लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या आसपास होती. १९५१ च्या जनगणनेत ती सतरा लाखांवर गेली. मधे फाळणी झाली होती. करोल बागेत एकेका घरात तीन-तीन बिऱ्हाडे राहत होती. आपली मराठी कुटुंबेही त्याच गर्दीत, एका अंगणात पंजाबी शेजाऱ्यांबरोबर एकच नळ वापरत होती. माणसे दुप्पट झाली म्हणून पाणी आणि मैलावाहिन्या काही दुप्पट झाल्या नाहीत.

शहराचे पाणी यमुनेतून वजीराबादला उचलले जाई आणि चंद्रावळच्या केंद्रात शुद्ध होऊन नळाला येई. वजीराबादच्या थोडे खालच्या अंगाला नजफगढचा नाला यमुनेला मिळतो. नाला म्हणतो खरे, पण मुळात ते साहिबी नदीचे पात्र. शहराने त्यात घाण सोडून सोडून त्याचा नाला केला. नाला खाली आणि पाणी उचलायची जागा वर, त्यामुळे रचना तशी बरोबर होती. नदी आपल्या वाटेने वाहते आहे तोवर!

१९५५ च्या पावसाळ्यात यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरला तेव्हा प्रवाह सरकलेला होता. नदीचे पाणी कमी झाले आणि नाल्याचे पाणी उलटे, वरच्या बाजूला, पाणी उचलण्याच्या जागेकडे येऊ लागले. नोव्हेंबरमध्ये सुमारे आठवडाभर शहराच्या पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळत होते. केंद्रावरच्या माणसांच्या ते लक्षात आले नाही असे नाही. तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला. नळाला पाणी आले ते दिसायला स्वच्छ.

आणि इथेच या प्रकरणातली खरी गोम आहे. एवढा मैला पोटात गेल्यावर विषमज्वर आणि हगवणीची मोठी साथ यायला हवी होती. ती आली नाही. म्हणजे क्लोरीनने जिवाणू मारले. पाण्याची परीक्षा आपण जिवाणू मोजूनच करतो, तेव्हा त्या परीक्षेत पाणी जवळजवळ उत्तीर्णच होते. पण घाणीने भरलेल्या पाण्यात क्लोरीनचा बराच भाग त्या घाणीवरच खर्ची पडतो. जे विषाणू त्याला जास्त दाद देत नाहीत, ते निसटतात. निसटलेला विषाणू पोटात गेल्यावर सरासरी पाच-सहा आठवडे गप्प बसतो. त्यामुळे डिसेंबरात लोक पिवळे पडू लागले, तेव्हा नोव्हेंबरातले पाणी केव्हाच वाहून गेले होते. नंतर घरोघर पाहणी झाली आणि कावीळ झालेल्यांचा अंदाज निघाला सुमारे २९,३००. लहान मुलांपेक्षा तरुण माणसेच त्यात जास्त होती. मृत्यूचे प्रमाण एकंदरीत कमी होते. गर्भवती स्त्रियांत मात्र ते कितीतरी पटींनी जास्त होते.

माझा जन्म १९५६ च्या एप्रिलचा, म्हणजे त्या हिवाळ्यात आई गर्भार होती. आमच्या आजीने तरुणपणी पंढरीच्या वारीत पटकी पाहिलेली. तेव्हापासून तिचा नियम असा की उकळल्याशिवाय पाणी प्यायचे नाही. कोळसा महाग आहे, असे वडील म्हणत, पण आजीपुढे कोणाचे चालले आहे! त्या पातेल्याने मी वाचलो असे आई म्हणायची. एका घरावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी तिला कधी सांगितले नाही.

अंगणापलीकडच्या बिऱ्हाडातली सून आईच्याच वयाची, तीही गर्भार. तिला कावीळ झाली. झाडा घालणारा आला, गळ्यात माळ पडली, उसाचा रस झाला. जानेवारीत ती गेली. तिची सासू, सगळे त्यांना बीजी म्हणत, पुढे कित्येक वर्षे एकच वाक्य बोलायच्या : मीच तिला तुपातले पराठे खाऊ घातले.

हा आजार कोणता, याचे उत्तर मिळायला पंचवीस वर्षे गेली. दिल्लीच्या साथीतले काही रक्तनमुने जपून ठेवलेले होते. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या डॉ. खोर्शेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन शास्त्रज्ञांबरोबर ते तपासले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की ही ‘ए’ प्रकारची कावीळ नव्हे आणि ‘बी’ही नव्हे. त्याच वर्षी डॉ. खुरू यांनी काश्मीरच्या साथीवरून तेच सांगितले. १९८३ साली बलयान नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने तर कमालच केली. रुग्णांच्या मलातून गाळलेला द्रव तो स्वतः प्यायला, आजारी पडला आणि आपल्याच मलात त्याने विषाणू शोधून दाखवला. (असा प्रयोग कोणी घरी करू नये!) आज आपण त्याला हेपेटायटिस ‘ई’ म्हणतो. गर्भवतींना तो इतका का बाधतो, हे आजही पुरते उलगडलेले नाही.

दिल्लीत १९५८ मध्ये महानगरपालिका आली, १९५९ मध्ये वजीराबादला बंधारा झाला. नाला आता बंधाऱ्याच्या खाली मिळतो. तरी यमुनेत अमोनिया वाढला की वजीराबाद आणि चंद्रावळचे पाणी कमी करावे लागते, हे आपण दर हिवाळ्यात वाचतो. एक गोष्ट आपल्या हातातली : कॉलनीतला नळ दोन वेळांच्या मधे कोरडा पडतो तेव्हा फुटक्या जोडातून शेजारच्या गटाराचे पाणी नळात ओढले जाते. पहिली पाच मिनिटे येणारे गढूळ पाणी टाकीत चढवू नका. घरात कोणी गर्भवती असेल तर पाणी खळखळून उकळा, नुसते कोमट करून भागत नाही.

नोकरीत असताना हे सगळे वाचून एकदा मी आईला समजावून सांगितले. दोष पराठ्याचा नव्हता, पाण्याचा होता, असे म्हणालो. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, “अरे, हे बीजींना कुणीतरी सांगायला हवं होतं.” बीजी तोवर जाऊन बरीच वर्षे झाली होती.

आरतीची वेळ झाली, अध्यक्ष घड्याळाकडे पाहत आहेत. कोणाला प्रश्न असतील तर प्रसादानंतर मी बाहेर मांडवातच आहे. नमस्कार.