प्रगतिपुस्तकात नसलेला विषय



परीक्षा आटोपल्या आहेत, सुट्ट्या लागल्या आहेत. म्हणून आज मार्कांविषयी बोलत नाही. प्रगतिपुस्तकात ज्याला रकाना नसतो, त्या मायेच्या वागण्याविषयी बोलतो. ते अंगी असावं लागतं, असं म्हणतात. मला ते पटत नाही. पाढे रोज म्हणून पाठ होतात, तसंच हेही रोज करून येतं.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरला शिक्षक होते. तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांनी घेतली. मुलांच्या खोल्या कशा असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको! गुरुजींनी कुणाला दरडावलं नाही. स्वतः केर काढला, अंथरुणांच्या घड्या घातल्या, कंदिलाच्या काजळलेल्या काचा पुसल्या. मुलं ओशाळली आणि हळूहळू स्वतःच झाडू हातात घेऊ लागली. गुरुजींनी प्रेमावर भाषण दिलं नव्हतं. मुलांच्या डोळ्यांसमोर ते काम करत राहिले होते.

त्याच सुमारास साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं तिथं एका पंगतीला बसत. १९२७ मध्ये महात्मा गांधी तिथं आले. वसतिगृहात धान्य संपलं, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. मात्र त्या मुलांना कुणी आश्रित मानलं नाही. ती राबत होती, शिकत होती, ताठ मानेनं जेवत होती. मदत करावी ती अशी, की घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये.

विद्यार्थिमित्रांनो, आता तुमच्या वर्गाकडे येऊ. बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यांच्याबरोबर मुलंही जातात. गळीत हंगाम संपल्यावर असा एखादा मुलगा वर्गात परत येतो, तेव्हा गणिताचे निम्मे धडे होऊन गेलेले असतात. फळ्यावरचं त्याला काही कळत नाही, आणि विचारायची लाज वाटते. "कुठं होतास रे इतके दिवस?" असं चारचौघांत विचारलं, की तो आणखी मिटतो. त्याऐवजी शेजारी जागा द्या, वही पुढं सरकवा. "चल, अपूर्णांकाची गणितं आपण दोघं मिळून सोडवू," एवढंच म्हणा. त्याची कीव करू नका, सोबत करा. उसाच्या फडातलं, बैलांचं, पहाटेच्या थंडीचं त्याला जे ठाऊक आहे, ते तुम्हाला ठाऊक नाही. ते त्याच्याकडून शिका.

आणखी एक सांगतो. कुणी वाचताना अडखळला की वर्गात हशा पिकतो. त्या हशाची सुरुवात एकदोघंच करतात, बाकीचे नुसते सामील होतात. तुम्ही सामील होऊ नका. जमलं तर "थांबा, त्याला वाचू द्या," असं मोठ्यानं म्हणा. याला धाडस लागतं. पण वर्गातल्या एकानं ते केलं, की दुसऱ्यालाही बळ येतं.

पालकहो, मूल घरी आलं की "किती मार्क पडले?" हे जरूर विचारा. त्याच्याबरोबर "आज कुणाला मदत केलीस?" हेही विचारा. आपण जे रोज विचारतो, तेच मुलांना महत्त्वाचं वाटू लागतं.

मित्रांनो, जूनमध्ये शाळा उघडेल. पहिल्याच दिवशी वर्गात एकटं बसलेलं मूल शोधा आणि त्याच्या बाकावर जाऊन बसा. अभ्यासाची सुरुवात तिथून करा.