एका पाठात एकच गोष्ट

छोटा पाठ म्हणजे साधारण दहा मिनिटांत शिकवायची वाचनाची किंवा लेखनाची एकच गोष्ट. शिक्षक आधी ती स्वतः करून दाखवतात, मग मुलांकडून करून घेतात. तासाचा उरलेला वेळ मुलांच्या स्वतःच्या वाचन-लेखनाला मिळतो. १९८०च्या दशकात अमेरिकेत डोनाल्ड ग्रेव्ह्ज आणि लूसी कॅल्किन्स यांनी लेखनाच्या वर्गांत ही रीत रुजवली. शिक्षणाने मुलाच्या सोयीने चालावे, हा विचार मात्र महाराष्ट्राला जुना आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला मुलांच्या अंगणात अंगणवाडी भरवली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली.

मराठी लिपीला हा पाठ विशेष मानवतो, कारण तिच्यातल्या अडचणी मोजक्या आणि वेगळ्या काढता येण्याजोग्या आहेत. जोडाक्षरांतला ‘र’ पाहावा. ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर जातो, ‘चक्र’मध्ये पायाशी येतो, ‘ट्रक’मध्ये वेगळ्या खुणेने दिसतो आणि ‘तऱ्हा’मध्ये चंद्रकोरीसारखा वळतो. चारही रूपे एका दिवशी शिकवली की मुले गोंधळतात. चार दिवसांचे चार पाठ केले, की पाचव्या दिवशी ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी लिहून मोठ्याने वाचता येतात. समुद्र आणि डोंगरदऱ्या यांतला फरक आधी कानाला कळतो, मग हाताला.

शुद्धलेखनाचेही तसेच. ‘फूल’, पण ‘फुलाला’. ‘मूल’, पण ‘मुलाला’. ‘गरीब’, पण ‘गरिबाला’. अशा जोड्या फळ्यावर मांडल्या, की प्रत्यय लागताना अशा शब्दांतले शेवटून दुसरे दीर्घ अक्षर ऱ्हस्व होते हा नियम मुले स्वतः सांगतात. स्वतः शोधलेला नियम पाठ केलेल्या नियमापेक्षा जास्त टिकतो.

लेखनाच्या पाठात ‘आजी आली’ हे वाक्य घ्यावे. आजीच्या हातात काय होते, एवढाच प्रश्न विचारावा. ‘आजी पिशवीतून बोरे काढत आली’ असे वाक्य तयार झाले, की तपशील म्हणजे काय हे व्याख्येवाचून समजते. वाचनाचा पाठ पूर्णविरामाशी थांबण्याचा असू शकतो किंवा प्रश्नचिन्हापाशी आवाज बदलण्याचा.

पाठाचा विषय मुलांच्या वह्यांतून निवडावा. दहा वह्यांत एकच चूक दिसली तर तो उद्याचा पाठ; दोन वह्यांत दिसली तर त्या दोघांना जवळ बसवून घ्यावे. एकाच शिक्षकाकडे दोन इयत्ता असतील, तर एका इयत्तेचा पाठ चालू असताना उरलेल्या इयत्तेची मुले पुस्तके वाचू शकतात.

या पद्धतीला एक धोका आहे. पाठानंतर वाचायला पुस्तक आणि लिहायला कोरे पान मिळाले नाही, तर छोटा पाठ निव्वळ घोकंपट्टी होतो. शिकलेली गोष्ट त्याच दिवशी वापरली गेली पाहिजे आणि आठवडाभराने पुन्हा समोर आली पाहिजे.

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता-लिहिता यावे, असे ध्येय ठेवले आहे. ते गाठायचे तर प्रत्येक वर्गात रोज दहा मिनिटे शिकवण्याला आणि त्याहून जास्त वेळ मुलांच्या हातातल्या पुस्तकाला व पेन्सिलीला मिळायला हवा. प्रत्येक शिक्षकाने उद्या वर्गातल्या वह्या उघडाव्यात आणि त्यांतून एकच गोष्ट निवडावी.