आरोग्य आपल्या गल्लीत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"वस्तीत डॉक्टर नाही, मग आम्ही काय करणार?" असे आपण नेहमी म्हणतो. म्हणून आज जामखेडची गोष्ट सांगते.

सन १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने त्या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. नुसता दवाखाना पुरत नाही, हे त्यांनी ओळखले. मग गावोगावच्या लोकांनी आपल्यातलीच एकेक बाई निवडून दिली. पुष्कळजणी निरक्षर, पण जामखेडला जाऊन त्या शिकल्या आणि गर्भारशीची तपासणी, बाळाचे वजन, पाण्याची स्वच्छता ही कामे त्यांनी अंगावर घेतली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

माझ्या जावेच्या मुलाला जुलाब लागले, तेव्हा आम्ही शहाण्यासुरत्या बायकांनी त्याचे पाणीच तोडले होते! मूल वाचले ते दैवाने. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे, आणि मूल मलूल दिसताच दवाखाना गाठावा. या ज्ञानाला पैसा पडत नाही. ते वेळेवर ठाऊक मात्र हवे.

२००५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेतल्या आशाताई आज हेच काम करतात. पण एकटी बाई किती घरे हिंडणार? दोघीदोघींनी एकेक गल्ली वाटून घ्यावी. गर्भारशीची, तान्ह्या बाळाची खबर तिला वेळीच द्यावी. हळदीकुंकवाला आपण घरोघर जातोच. त्याच पावलांनी हेही होईल.