नवीं धुळाक्षरें

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत शाळेच्या शिक्षकांतर्फे वाचलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं संस्थेच्या यशाचा पाढा वाचावा, अशी रीत आहे. परंतु तो हिशेब आमच्याहून चांगला मांडणारे वक्ते या व्यासपीठावर बसले आहेत. म्हणून आज आम्ही आमच्या शिकण्याची, आणि त्या शिकण्यांत आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची हकीकत सांगणार आहों. जो दुसऱ्यास शिकवितो त्यानें आपण स्वतः कसे शिकलों, हें अधूनमधून लोकांपुढें सांगणें इष्ट आहे, असें आम्हांस वाटतें.

पूर्वीं पंतोजींच्या शाळेंत मुलें धूळपाटीवर बोटानें अक्षरें गिरवीत. आमच्या पिढीनें दगडी पाटी व पेन्सिल पाहिली, आणि पुढें तीस वर्षें खडू हातांत धरिला. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां पन्नाशी उलटलेल्या आम्हां शिक्षकांवर पुन्हां बोटानें अक्षरें गिरविण्याची पाळी आली. फरक इतकाच कीं, धुळीच्या जागीं आतां मोबाईलची काच होती.

प्रारंभीं त्या काचेवर देवनागरी अक्षरें कशीं उमटवावीं, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. म्हणून पालकांस पाठवावयाचे मराठी निरोप आम्ही रोमन लिपींत लिहूं लागलों. एके दिवशीं लिहिलें कीं, उद्यां सकाळीं दहा वाजतां वेळ काढून ठेवावा. परंतु रोमन लिपींत आम्ही लिहीत होतों त्या रीतीनें ‘वेळ’ आणि ‘वेल’ या दोहोंचें रूप एकच. दुसऱ्या दिवशीं दहाच्या ठोक्यास इयत्ता पांचवींतील एक मुलगा दुधीभोपळ्याच्या वेलाचें सुरेख चित्र काढून, तें छातीशीं धरून, पडद्यावर आमची वाट पाहत बसला होता. सर्व वर्ग हंसला, आम्हीही हंसलों. पण त्या रात्रीं मनांत आलें कीं, मुलाची चूक कोठें होती? आम्हीं लिहिलें तेंच त्यानें वाचिलें. त्याच्या भाषेला तिच्या लिपींतून उपटून आपल्या सोयीच्या लिपींत आम्हींच कोंबलें होतें.

तेव्हां आमच्या आळींतील आठवीच्या एका विद्यार्थिनीस आम्हीं गुरु केलें. अंगणांत चार हात अंतरावर उभी राहून तिनें आमच्या फोनवर देवनागरी कळफलक कसा आणावा तें सांगितलें. जोडाक्षराशीं आम्ही अडलों, तेव्हां ती म्हणाली, “सर, आधीं ‘क’ लिहा, मग त्याचा पाय मोडा, मग ‘ष’ लिहा. ‘क्ष’ आपोआप होतो.” पाय मोडणें हा शब्द तिला तिसरींत आम्हींच शिकविला होता. तो तिनें आम्हांस व्याजासह परत केला.

या ठिकाणीं फादर थॉमस स्टीफन्स यांचें स्मरण होणें क्रमप्राप्त आहे. हा इंग्रज धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आला, येथील लोकांची भाषा शिकला, आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रचून गेला. या भूमीच्या भाषेंत आणि या भूमीच्याच लिपींत पुस्तकें छापलीं जावीं, अशी त्याची फार दिवसांची इच्छा होती. १६०८ सालीं रोमला पाठविलेल्या पत्रांत त्यानें ती आपल्या वरिष्ठांस कळविली आणि अडचणही सांगितली. युरोपच्या लिपीचें काम चोवीस अक्षरांत भागतें; आपल्या लिपीस मात्र सहाशेंच्या घरांत साचे लागतील, आणि इतके साचे ओतणें अशक्य वाटतें, असा तेथील लोकांचा समज होता. ती इच्छा सफल झाली नाहीं. १६१६ सालीं रायतूर येथें ‘ख्रिस्तपुराण’ छापलें गेलें तें रोमन अक्षरांत. देवनागरी आवृत्ति पुण्यास निघाली ती १९५६ सालीं, म्हणजे तीनशें चाळीस वर्षांनंतर.

आज ती अडचण कशी दूर झाली, हेंही पाहण्यासारखें आहे. १९९१ सालीं युनिकोड नांवाची जी जागतिक अक्षरसूची प्रसिद्ध झाली, तींत देवनागरीसाठीं एकशें अठ्ठावीस जागा राखून ठेविल्या होत्या. प्रत्येक जोडाक्षराला वेगळी जागा दिलेली नाहीं. व्यंजनें, स्वर, काना-मात्रा आणि पाय मोडण्याचें चिन्ह इतकीं मोजकीं चिन्हें साठवावयाचीं, आणि जोडणी यंत्रानें करावयाची. लिहिणाऱ्यास सहाशें साच्यांची चिंता उरली नाहीं. ज्या गोष्टीसाठीं फादर स्टीफन्स यांनीं सातासमुद्रापलीकडे विनंतीपत्र धाडिलें, ती आमच्या खिशांत तयार होती. आणि आम्ही मात्र सोय म्हणून रोमन लिपींत लिहीत बसलों होतों! साधन ऐकणाऱ्याकडे न्यावयाचें असतें, ऐकणाऱ्याला साधनाकडे ओढावयाचें नसतें, हा पहिला धडा आम्ही असा शिकलों.

दुसरा धडा याहून कठीण होता. साधन हस्तगत झालें म्हणजे अभिमानही येतो. जुलै महिन्यापर्यंत आम्ही चित्रफिती पाठवूं लागलों, पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडावरून ‘दीक्षा’वरील पाठ उघडूं लागलों, पडद्यावर हजेरी घेऊं लागलों. बेचाळीस मुलांच्या वर्गांत एकतीस नांवें झळकलीं म्हणजे आम्हांस धन्यता वाटे. उरलेल्या अकरांविषयीं ‘त्यांच्याकडे नेट नाहीं’ असें म्हणून आम्ही पुढचा धडा उघडीत असूं. खडूच्या काळांत बाकावरील रिकामी जागा डोळ्यांना खुपत असे. काचेवर रिकामी जागा दिसतच नाहीं. जीं मुलें हजर असतात त्यांच्याच चौकटी मोठ्या होतात आणि गैरहजर मुलाची जागा भरून टाकितात.

आमच्या वर्गांत कोळीवाड्यांतील एक मुलगी होती. तिच्या घरीं फोन एकच, तो वडिलांचा. पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत वडील घरीं असत, तेव्हां ती तासाला येई. ऑगस्टांत होड्या समुद्रावर जाऊं लागल्या. वडिलांबरोबर फोनही गेला. तिच्या नसण्याकडे आमचें लक्ष गेलें तें ऑक्टोबरांत, मुलांच्या वह्या गोळा करूं लागलों तेव्हां. त्या सायंकाळीं आम्ही तिच्या घरीं गेलों. ती आईबरोबर बोंबील वाळत घालीत होती. आम्हांस पाहतांच हात पुसून उभी राहिली, आणि खालीं पाहत म्हणाली, “सर, मला वाटलें, माझें नांव काढलें.”

मित्रहो, दोन महिने तिनें वाट पाहिली होती. कोणी रागावलें नाहीं, कोणी बोलावणें धाडिलें नाहीं, कोणी गैरहजेरीचें कारण विचारलें नाहीं. त्यावरून दहा वर्षांच्या मुलीनें जो अर्थ काढावा तोच तिनें काढिला होता. हरवलेल्या एका मेंढराच्या शोधासाठीं नव्याण्णव मागें ठेवून जाणाऱ्या मेंढपाळाचा दृष्टांत आम्ही दरवर्षीं मुलांस सांगतों. एक कमी आहे हें त्या मेंढपाळास कळलें, कारण त्यानें सगळीं मेंढरें मोजिलीं होतीं. आम्ही फक्त पडद्यावर दिसणारीं मोजीत होतों.

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं रीत बदलली. तास सुरू होण्यापूर्वीं न आलेल्यांचीं नांवें कागदी वहींत लिहावयाचीं, आणि त्या दिवशींच चौकशी करावयाची. चित्रफितीऐवजीं पांच-पांच मिनिटांचे आवाजी पाठ आम्ही तयार करूं लागलों. ते कमी नेटवर पोंचतात, आणि होडी बंदरास लागल्यावर वडिलांच्या फोनवर मुलीला रात्रीं ऐकतां येतात. ज्यांच्याकडे तेवढेंही नव्हतें त्यांच्यासाठीं देवनागरींत सुबक पाठ लिहून त्यांच्या छापील प्रती काढल्या. आपल्या धर्मग्रामांतील तरुणांनीं गरजू घरीं शिधा पोंचवितांना त्या प्रतीही पोंचविल्या. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाहीं. अकरांपैकीं नऊ मुलें दिवाळीपूर्वीं अभ्यासाला लागलीं. एक कुटुंब दूर आपल्या गांवीं निघून गेलें होतें. एका मुलास मात्र आम्ही परत आणूं शकलों नाहीं. त्याचें नांव त्या वहींत अजून आहे.

आज शाळा पूर्ववत् भरते, आणि तीं साधनेंही वर्गांत राहिलीं आहेत. ज्याची दृष्टि अधू आहे त्या मुलापुढें आम्ही अक्षर हवें तेवढें मोठें करितों. एका आजीबाईंचीं लग्नांतील गाणीं मुलांनीं फोनवर ध्वनिमुद्रित करून आपल्या हातानें लिहून काढलीं. आतां यंत्र सांगितल्याबरोबर निबंधही लिहून देतें. म्हणून ‘माझी आजी’ हा निबंध आम्ही घरीं लिहावयास देत नाहीं. आजीला तीन प्रश्न विचारून या, असें सांगतों, आणि तिचीं उत्तरें वर्गांत मुलांच्या तोंडून ऐकतों. तीं उत्तरें यंत्राजवळ नसतात. पोप अकरावे पायस यांनीं ३१ डिसेंबर १९२९ रोजीं ख्रिस्ती शिक्षणावर जें परिपत्रक काढिलें, त्यांत चांगली शाळा ही चांगल्या पद्धतींपेक्षां चांगल्या शिक्षकांमुळें घडते, अशा आशयाचा विचार आहे. त्या वेळीं ही काच नव्हती. पण तो विचार आम्हांस या काचेनेंच पुन्हां शिकविला.

शेवटीं एक विनंती करून आम्ही आपली रजा घेतों. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं जुने पण चालते फोन खणांत पडून असतील. ते शाळेस द्यावे. आठवड्यांतून दोन सायंकाळीं चर्चच्या सभागृहाचें दार उघडें राहील अशी परवानगी फादरांनीं द्यावी. आम्ही शिक्षक पाळीपाळीनें तेथें बसूं. ज्या मुलाच्या घरीं साधन नाहीं त्यानें तेथें यावें, आणि जें मूल येणार नाहीं त्याच्या घरीं आम्ही जाऊं. कोळीवाड्यांतील ती मुलगी आतां मोठी झाली आहे, आणि कळफलकावर आमच्याहून वेगानें लिहिते. पहिली सायंकाळ तिनें आपल्यासाठीं मागून घेतली आहे. लहान मुलांना अक्षराचा पाय कसा मोडावा तें ती शिकविणार आहे.

महोत्सवाच्या कमानी चार दिवसांनीं उतरतील. त्यानंतरही या गांवांतील एकाही मुलाला आपलें नांव काढलें गेलें असें वाटूं नये, एवढी जागरूकता प्रभु आम्हां सर्वांस देवो.