बोलत नाही म्हणजे बहिरा नव्हे
(सहायकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज ज्या मुलांविषयी मी बोलणार आहे, ती आपल्या पाड्यांवर आहेतच. कोणी त्यांना मुकी म्हणतो, कोणी वेडी, कोणी बाहेरचे लागले म्हणून भगताकडे नेतो. डॉक्टर याला ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता. 1943 साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत अशा 11 मुलांचे वर्णन केले. पुढे बरीच वर्षे दोष आईच्या कोरड्या वागण्याला दिला गेला. तो समज साफ खोटा ठरला. या मुलांच्या मेंदूची वाढच वेगळ्या रीतीने होते. आईचे पाप नाही, ग्रहण नाही, लसही नाही. लसीशी संबंध जोडणारा 1998 सालचा लेख 2010 मध्ये मागे घेतला गेला. हे मुद्दाम सांगते, कारण अफवा पाड्यावर पोहोचली की गोवराची लस बुडते.

ओळखायचे कसे? वर्षाचे बाळ हाक मारली की वळून पाहते. दीड वर्षाचे मूल कोंबडीकडे बोट दाखवते आणि आपल्याकडे पाहून हसते. शब्द नसले तरी ते सांगणेच असते. स्वमग्न मुलात हे बहुधा दिसत नाही. ते आईचा हात धरून मडक्याकडे नेते, पण तिच्या तोंडाकडे पाहत नाही. काहींचे आलेले दोन-चार शब्दही जातात.

अशा वेळी ‘बोलेल उशिरा’ म्हणून थांबू नका. आधी कान तपासून घ्या. अंगणवाडीत येणारे आरोग्य पथक मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकते. रक्त तपासून हे निदान होत नाही. मुलाला पाहून आणि आईला विचारूनच होते. भारतात त्यासाठी 40 मुद्द्यांची मोजपट्टी आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, म्हणून दाखला मिळतो. निरामय योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमाही आहे.

सातपुड्यातली खरी अडचण भाषेची. घरात पावरी आणि तपासणारा मराठीत विचारतो. मूल गप्प राहिले तर ते कशामुळे, हे कळणार कसे? म्हणून दोन्ही भाषा येणारी मावशी किंवा आशाताई सोबत न्या. ‘घरी मराठीच बोला, म्हणजे बोलेल’ असा सल्ला काही शिकलेले लोक देतात. त्याला आधार नाही. दोन भाषांमुळे अशा मुलांचे बोलणे आणखी मागे पडत नाही, असेच अभ्यासांत दिसले आहे. उलट आईची भाषा काढून घेतली तर तिच्याशी बोलणेच तुटते.

स्वमग्नता बरी करणारे औषध नाही. झोपेला, फिट्सना, फार आक्रमकपणाला औषधे असतात, ती डॉक्टरांनीच द्यावीत. बरे करण्याची हमी देऊन पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खरे काम रोजचे आहे आणि ते आईबाप करू शकतात. भाकरी लगेच हातात देऊ नका. क्षणभर थांबा, मूल पाहील, हात पुढे करील, मग ‘भाकर’ म्हणून द्या. शब्द येत नसेल तर मडक्याचे, भाकरीचे चित्र दाखवायला शिकवा. चित्राने बोलणे बंद पडत नाही. थेरपिस्ट महिन्यातून एकदा भेटते, आई दिवसभर.

उपासनेत ढोलकी आणि लाऊडस्पीकर सुरू झाला की असे मूल कान झाकून ओरडते. त्याला शिस्त नाही असे म्हणू नका. दाराजवळची जागा त्या कुटुंबाला द्या आणि त्याला बाहेर जाऊ द्या.

एका तपासणीत आईबापांची दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे जाते. दुसऱ्या खेपेला कुटुंब येत नाही ते त्यामुळेच. त्या भाड्यासाठीची पेटी आज दाराशी ठेवली आहे.