फवारणीची नोंद संगणकावर ठेवताना
(द्राक्ष बागायतदारांसमोर दिलेले व्याख्यान)



फवारणीच्या वहीत आपण दर ओळीला प्लॉट, वाण, क्षेत्र, औषध, काढणीपूर्व कालावधी असे सारे पुन्हा पुन्हा लिहितो. कधी ‘वरची बाग’, कधी ‘विहिरीजवळची’. घरच्यांना कळते, संगणक मात्र त्या दोन बागा धरतो. मग काढणीच्या तोंडावर हिशेब चुकतो आणि उर्वरित अंशापायी माल नाकारला जाऊ शकतो.

माहिती छोट्या तक्त्यांत ठेवून ते परस्परांशी जोडण्याची रीत आयबीएमचे संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. आपल्याला ती अगदीच परकी नाही. सातबारावर फेरफाराचा फक्त क्रमांक असतो, तपशील गाव नमुना ६ मध्ये सापडतो.

‘लिब्रेऑफिस बेस’ ही मोफत प्रणाली उघडून नवीन डेटाबेस तयार करा, त्याला नाव द्या. प्लॉट, औषध आणि फवारणी असे तीन तक्ते करा. प्रत्येक ओळीला स्वतंत्र क्रमांक हवा. तीच ‘प्रायमरी की’. तेथे गट नंबर वापरू नका. वाटणी झाली की ४५ चे ४५/१, ४५/२ होतात! काढणीपूर्व कालावधी फक्त औषधाच्या तक्त्यात लिहा. फवारणीच्या तक्त्यात तारीख, मात्रा, प्लॉट क्रमांक व औषध क्रमांक पुरेत. तक्ते एकमेकांशी जोडले की नसलेल्या प्लॉटची नोंद संगणक घेतच नाही.

औषधाच्या व्यापारी नावाशेजारी त्यातील घटकही लिहावा. दोन निराळ्या बाटल्यांत पुष्कळदा एकच औषध असते.