चौकापाशी तुटणारी रेघ

आज स्थापत्य अभियांत्रिकी व नगररचनेची पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

थोड्याच महिन्यांत तुमच्यापैकी कोणाच्या तरी टेबलावर शहरातल्या एखाद्या रस्त्याचे ड्रॉइंग येईल. मधोमध दुभाजक, दोन्ही बाजूंना मोटारींच्या मार्गिका, कडेला पदपथ आणि पदपथाला लागून हिरव्या रंगाचा सायकल ट्रॅक. त्या हिरव्या पट्टीवरून बोट फिरवत चौकाकडे या. बहुतेक वेळा ती चौकाच्या वीस-तीस मीटर अलीकडेच संपलेली दिसेल आणि चौक ओलांडल्यावर पुन्हा सुरू झालेली असेल. मधल्या जागेत सायकलवाल्याने काय करायचे, याचे उत्तर त्या कागदावर कुठेच नसते. आज मला त्या वीस-तीस मीटरांबद्दल बोलायचे आहे, कारण आपल्या शहरांतल्या सायकलीचा प्रश्न माझ्या मते तिथेच अडला आहे.

सरळ रस्त्यावर सायकल आणि मोटार एकाच दिशेने जातात. चौकात त्यांचे मार्ग एकमेकांना छेदतात. आपण डाव्या बाजूने वाहने चालवतो, म्हणून सायकलवाला डाव्या कडेला असतो. त्याला सरळ पुढे जायचे असते आणि शेजारच्या डंपरला डावीकडे वळायचे असते. डंपरची केबिन उंच. तिच्या डाव्या अंगाला, पुढच्या चाकापाशी, चालकाला न दिसणारा मोठा पट्टा असतो. लांब वाहन वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून कापत येतात. चालकाने पुढचे चाक अगदी नीट वळवले तरी मागचे चाक कडेच्या माणसावर येऊ शकते. तुम्ही हे शिकला आहात, परीक्षेत त्याची आकृतीही काढली आहे. आणि तरी आपण काय करतो? कोपरा मोठ्या त्रिज्येने गोल करून ‘फ्री लेफ्ट’ देतो, म्हणजे वाहनाला वेग कमी न करता वळता यावे. चारशे मीटर ज्या माणसाला कठड्याआड जपले, त्याला नेमके या वळणावर मोकळे सोडून देतो.

वेगाचा हिशेब तर तुम्हाला अकरावीपासून येतो. ताशी 50 किलोमीटर वेगाने येणाऱ्या वाहनाची गतिज ऊर्जा ताशी 30 च्या वेळच्या ऊर्जेपेक्षा पावणेतीन पटींहून जास्त असते. ही ऊर्जा शेवटी माणसाच्या हाडामांसात जिरते. म्हणूनच फेब्रुवारी 2020 मध्ये स्टॉकहोमला भरलेल्या रस्ता सुरक्षेच्या जागतिक मंत्रिपरिषदेच्या जाहीरनाम्यात, जिथे चालणारी-सायकल चालवणारी माणसे आणि वाहने एकत्र येतात तिथे वेगमर्यादा 30 असावी, असे म्हटले गेले. स्पेनने मे 2021 पासून शहरांतल्या दर दिशेला एकच मार्गिका असलेल्या रस्त्यांसाठी ती लागूही केली. पण पाटी लावून वेग कमी होतो यावर माझा फारसा विश्वास नाही. वेग कमी होतो तो कोपऱ्याची त्रिज्या लहान केल्याने, ओलांडणीचा पट्टा पदपथाच्या पातळीला उचलून घेतल्याने, मार्गिका अरुंद केल्याने. सायकलवाल्यांची थांबण्याची रेघ मोटारींच्या पुढे आखली आणि सिग्नलला त्यांना काही सेकंद आधी हिरवा दिवा दिला, तर ते डंपरच्या डाव्या अंगाला अडकत नाहीत. यात परदेशातून आणावे असे काही नाही. थोडे काँक्रीट, रंग आणि सिग्नलच्या वेळांतला बदल पुरतो.

2022 साली आपल्या देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यांत 32,825 पादचारी होते आणि साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार. अशा बातमीखाली हमखास लिहिले जाते की त्याने हेल्मेट घातले नव्हते, सायकलला दिवा नव्हता. हेल्मेट घालावे, दिवा लावावा, मीही सांगतो. पण डंपरच्या मागच्या चाकाखाली हेल्मेट काय करणार?

आणि ही माणसे कोण आहेत ते नीट पाहा. 2011 च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामाला जाणाऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के लोकांनी सायकल हे आपले साधन सांगितले होते. रविवारी सकाळी गिअरच्या सायकलींवर सिंहगडाकडे निघणारे गट आपल्याला चटकन दिसतात. त्यांचा उत्साह मला मनापासून आवडतो. पण शहराची बहुतेक सायकल दुसऱ्याच माणसाच्या पायाखाली आहे. रात्रपाळीचा वॉचमन, पहाटे पेपर टाकणारा पोरगा, डबा घेऊन साइटवर निघालेला गवंडी. तो कुठल्या हरकती-सूचनांच्या सुनावणीला येत नाही, कारण ती ठेवलेली असते कामाच्या दिवशी, दुपारी बारा वाजता. वाहनांची मोजणीही साधारण सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ अशी होते. वॉचमनची पाळी बदलते सकाळी सात आणि संध्याकाळी आठच्या आसपास. मोजणीच्या कडेकडेने तो निसटून जातो आणि मग अहवालात लिहिले जाते की या रस्त्यावर सायकली नगण्य आहेत. तुमच्यापैकी जे मोजणीला उभे राहतील त्यांनी पहाटे साडेपाचलाही उभे राहावे, एवढी माझी विनंती आहे.

मी पुण्यात वाढलो, म्हणून पुण्याचेच उदाहरण देतो. सायकलींचे शहर अशी या गावाची ओळख होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा आणि पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जायचा. पेठांमध्ये तासावर सायकल भाड्याने मिळायची. मग बजाजची स्कूटर आली, कायनेटिकची लुना आली. दोन्ही याच परिसरातल्या उद्योजकांनी घडवल्या आणि मध्यमवर्गीय घरांना, विशेषतः बायकांना, त्यांनी मोठी मोकळीक दिली. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती पुढच्या गोष्टीबद्दल. वाहने वाढली तसा आपण रस्ता फक्त त्यांच्यासाठीच आखत गेलो, आणि जो अजून सायकलवर होता त्याला कडेच्या खडीत ढकलत गेलो.

डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटीची, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांची, सुरुवात झाली, तेव्हा तिच्याबरोबर सायकल ट्रॅकही बांधले गेले. 2016 साली पुणे महापालिकेने रस्तारचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि जंगली महाराज रस्त्याचा पदपथ रुंद झाला. डिसेंबर 2017 मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात 800 किलोमीटरांहून अधिक लांबीचे जाळे सुचवले आहे. आराखडा चांगला आहे, अभ्यास करून, लोकांशी बोलून केलेला आहे. तुमच्यापैकी ज्यांनी तो वाचला नसेल त्यांनी जरूर वाचा. पण सलग जाळे आजही झालेले नाही. ट्रॅक आहेत ते तुकड्यातुकड्यांत. मध्येच डीपी बॉक्स, मध्येच बसथांबा, पेव्हर ब्लॉक उखडलेले, आणि उरलेल्या जागेत उभ्या दुचाक्या. मग सायकलवाला ट्रॅक सोडून रस्त्यावर उतरतो आणि लोक म्हणतात, बघा, ट्रॅक दिला तरी वापरत नाहीत.

तुकड्यांचे काय होते, याचा धडा हॉलंडने पन्नास वर्षांपूर्वी घेतला. तो देश जन्मतःच सायकलींचा होता, असा आपला समज असतो. पन्नाशी-साठीच्या दशकांत तिथेही मोटारींसाठी रस्ते रुंद होत होते आणि सायकली झपाट्याने कमी होत होत्या. 1971 साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून जास्त मुले होती. फिक लांगेनहोफ नावाच्या पत्रकाराची मुलगी शाळेत जाताना गेली. त्यांनी 1972 मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहिला, त्याचे शीर्षक होते ‘बालहत्या थांबवा’. त्याच नावाने आईबापांची चळवळ उभी राहिली. त्यांनी रस्ते अडवले, भर रस्त्यात मुलांचे खेळ मांडले, खासदार-मंत्र्यांच्या दारी गेले. 1973 च्या तेलटंचाईत सरकारने मोटारबंदीचे रविवार जाहीर केले आणि रिकामा रस्ता कसा दिसतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. 1975 मध्ये सायकलस्वारांची संघटना स्थापन झाली.

यापुढचा भाग अभियंत्यांचा आहे, म्हणून तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर टिलबर्ग आणि हेग या शहरांत सरकारी पैशातून एकेक उत्तम दर्जाचा सायकल मार्ग बांधला गेला. हेगमध्ये दुकानदारांनी जोरदार विरोध केला. मार्ग झाल्यावर त्यावर सायकली वाढल्या, पण त्यातल्या बऱ्याच शेजारच्या गल्ल्यांतून तिकडे सरकलेल्या होत्या. एकट्या सुंदर मार्गाने शहराची सवय बदलत नाही, हे आकड्यांतून दिसले. मग डेल्फ्टने वेगळा प्रयोग केला. तिथे शहरभर जाणारे मार्ग, विभागातले मार्ग आणि गल्लीपातळीवरचे मार्ग अशा तीन थरांचे जाळे आखले आणि जिथे तुटले होते तिथे छोटे पूल, बोगदे, ओलांडण्या घालून ते जोडले. खर्चाचा मोठा भाग या जोडण्यांवर झाला. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. उद्घाटनाला फीत कापायला जोडणी कामाची नसते. मात्र शाळेत निघालेल्या मुलीच्या आईला ‘जा’ म्हणता येते ते त्या जोडणीमुळेच.

स्पेनमधल्या सेव्हिया शहराने 2006 नंतर हीच गोष्ट घाईने केली. दीड-दोन वर्षांत सुमारे 80 किलोमीटरचे सलग, कठड्याने वेगळे केलेले जाळे टाकले, त्यासाठी हजारो मोटारींचे पार्किंग काढले, आणि काही वर्षांतच सायकलीच्या फेऱ्या कित्येक पटींनी वाढल्या. तिथला उन्हाळा चाळिशीपार जातो, हे मुद्दाम सांगतो. आपल्याकडे ऊन फार, इथे सायकल चालणार नाही, असे म्हणणारे तुम्हाला प्रत्येक बैठकीत भेटतील. उन्हाचे उत्तर झाडे आहेत. दुर्दैवाने रस्तारुंदीत आधी तीच जातात.

दुसरा आक्षेप जागेचा. तोही मापांवर तपासू. दोन्ही दिशांना दोन-दोन मार्गिकांचा रस्ता घ्या. प्रत्येक मार्गिका साडेतीन मीटरची. ती तीन मीटरची केली तर प्रत्येक बाजूला एक मीटर सुटतो, आणि शिवाय वेग खाली येतो. (बस ज्या मार्गिकेतून जाते तिला थोडे जास्त द्यावे लागेल, तेवढी तडजोड करा.) एक मीटरमध्ये सायकल ट्रॅक होत नाही. दोन सायकली एकमेकींना ओलांडू शकतील अशी निदान दोन मीटर रुंदी हवी. उरलेली रुंदी आहे ती कडेला उभ्या असलेल्या मोटारींखाली. तेव्हा प्रश्न जागेचा कमी, पार्किंगचा जास्त आहे, आणि पार्किंग हा विषय निघाला की नगरसेवकापासून दुकानदारापर्यंत सगळे एकदम जागे होतात. तुम्ही तिथे शांतपणे मापे मांडा. एक मोटार दिवसभर जेवढी सार्वजनिक जागा फुकट अडवते, तेवढ्या जागेत आठ-दहा सायकली सहज उभ्या राहतात. दुकानदाराला गिऱ्हाईक हवे असते, आणि मोटारीच्या जागी आठ-दहा माणसे उतरली तर ती त्याचीच गिऱ्हाइके असतात.

बारीकसारीक गोष्टींना कमी लेखू नका. पावसाळी गटाराच्या जाळीचे गज चाकाच्या दिशेने लांब ठेवले तर सायकलचे चाक त्यात रुतते. ते आडवे बसवायला वेगळा खर्च नाही. चेंबरचे झाकण ट्रॅकच्या मधोमध एक इंच वर राहिले, की पावसात रात्री माणूस पडतो. मोटारसायकल आत घुसू नये म्हणून बोलार्ड इतके जवळ लावतात, की दुधाच्या किटल्या लावलेली सायकल आणि अपंग माणसाची तीनचाकी दोन्ही बाहेर राहतात. आपल्या हातात इंडियन रोड्स काँग्रेसची संहिता आहे. सायकल ट्रॅकसाठीचा आयआरसी 11 हा दस्तऐवज 2015 मध्ये सुधारला गेला. ती संहिता कपाटात असून भागत नाही. ती निविदेच्या अटींत, देयकाच्या तपासणीत आली पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. बिहारने 2006 मध्ये नववीच्या मुलींसाठी अशी योजना आणली आणि तिथे मुलींची पटसंख्या वाढल्याचे अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसले. खेड्यात सायकल मुलीला शाळेपर्यंत पोचवते. तीच मुलगी पुढे शिकायला शहरात आली, की पहिल्या आठवड्यात सायकल हॉस्टेलच्या जिन्याखाली ठेवते, कारण पहिलाच चौक तिला पार करवत नाही. तिची भीती रास्त आहे. तिला धीर देणारी व्याख्याने नकोत, तिला तो चौक दुरुस्त करून हवा आहे, आणि तो दुरुस्त करण्याचे शिक्षण आज या सभागृहात फक्त तुमच्याकडे आहे.

2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 198अ हे कलम आले. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू वा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार आणि सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे, वापरही फार होत नाही. पण आजवर अपघाताला चालक जबाबदार, नाहीतर मेलेला माणूस जबाबदार, असे दोनच रकाने होते. आता ड्रॉइंग काढणाऱ्याचे नावही कायद्याच्या कक्षेत आले आहे.

कनिष्ठ अभियंत्याच्या हातात काय असते, असे तुम्ही मला नंतर चहाच्या वेळी विचाराल. टिपणी असते. चौकातला सायकल ट्रॅक काढून टाका, असे वरून तोंडी सांगितले जाईल. वाद घालू नका, आवाज चढवू नका. फाइलवर लिहा, की या ठिकाणी ट्रॅक खंडित केल्यास सरळ जाणारे सायकलस्वार आणि डावीकडे वळणारी जड वाहने यांचे मार्ग छेदतात, संहितेतील तरतूद अमुक, पर्यायी रचना सोबत जोडली आहे. पर्यायी रचना खरोखर जोडा, मापांसह, खर्चासह. मग लेखी आदेश मागा. तोंडी देता येणारे बरेच आदेश लेखी द्यायला लोक कचरतात, हा माझा अनुभव आहे. काही वेळा तरीही ट्रॅक काढला जाईल. तरी टिपणी फाइलमध्ये राहते, माहितीच्या अधिकारात कोणी तरी ती मागते, आणि रस्त्याची पुढची दुरुस्ती निघते तेव्हा तुमची रचना तयार असते.